संगमरवराचा दाणा

आमच्या भागात दगडाला तोटा नाही, पण दगडांत निवडही नाही. सिंदफणेच्या काठापासून पाटोद्याच्या डोंगरापर्यंत कुठेही कुदळ मारा, खाली काळा पाषाणच लागतो. जातं त्याचं, पाटा त्याचा, विहिरीची बांधणी त्याची, मारुतीही त्याचाच. हा दगड एके काळी तापलेला रस होता. तो जमिनीवर पसरला आणि लवकर थिजला. आतल्या स्फटिकांना वाढायला सवडच मिळाली नाही, म्हणून त्याचा दाणा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. असा दगड सहसा कशाला दाद देत नाही. त्याच्यावर तेल ओता, दही ओता, चिंच घासा, तो आपला तसाच. त्यामुळे ‘दगडाला काय हुतंय?’ असं आमच्याकडे शेंबडं पोरही विचारतं, आणि उत्तराची वाट बघत नाही.

मी मात्र पोटासाठी दुसऱ्या जातीच्या दगडांत जाऊन पडलो. हैदराबादेत शिकलो आणि निजाम सरकारच्या खाणींच्या खात्यात लागलो. काम सगळं तेलंगणात, वरंगळच्याही पलीकडे. तिथले खडक आमच्या काळ्या पाषाणाच्या पणज्याचे पणजे. ते कधी काळी जमिनीत खोल गाडले गेले, वरच्या ओझ्याखाली दाबले गेले, भाजले गेले, पण वितळले नाहीत. घट्ट असतानाच आतून बदलले. जुने कण मोडले, नवे जुळले, ज्यांना जागा मिळाली ते वाढले. साध्या चिखलाच्या थरातून अभ्रकाचे पापुद्रे उठले आणि त्या पापुद्र्यांत डाळिंबाच्या दाण्याएवढे तामड्याचे तांबडे खडे वाढले. चुनखडीचा संगमरवर झाला. मला या गोष्टीचं फार अप्रूप होतं, अजूनही आहे. माणसांचं तेवढं अप्रूप मला कधी वाटलं नाही, आणि हे माझ्या घरच्यांनी फार लवकर ओळखलं होतं.

गावाला माझ्या नोकरीचं हसू यायचं. रजेवर आलो की पारावर कुणीतरी विचारायचंच, “काय बे, सरकार आता पिकांवानी धोंड्यांची बी गिरदावरी करतंय व्हय?” मी हो म्हणायचो. वाद मिटत असेल तर मी खरं सांगायच्या भरीला पडत नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी तेलंगणच्या रानातला हिवताप माझ्या अंगात मुरला. लांब रजा काढून घरी आलो, तेव्हा कार्तिक संपत आला होता. घरात आई आणि थोरले काका, दोघंच. वडील मी शिकत असतानाच गेले होते. काका वडिलांचे मोठे भाऊ, म्हणून आई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे आणि त्यांच्याशी थेट बोलतही नसे. जे सांगायचं ते मांजराला किंवा मला उद्देशून. काकाही उत्तर मांजरालाच देत. या रीतीने दोघांचं वर्षानुवर्षं उत्तम चाललं होतं.

काका निजामाच्या फौजेत जमादार होते. पेन्शन घेऊन गावी आले तरी फौज त्यांच्या अंगातून गेली नव्हती. मिशांना पीळ होता, पाठीला बाक नव्हता, आणि आवाज असा की रस्त्याने जाणारा बैल थबकून मागे बघायचा. अशा माणसाचा दिवस सुरू व्हायचा तो एका वीतभर बाळकृष्णाला आंघोळ घालून.

मूर्ती संगमरवरी होती, रांगती, एका हातात लोण्याचा गोळा. काका पाटावर मांडी घालून बसत आणि ताम्हण पुढे ओढत. आधी दूध, दही, तूप, मध, साखर. मग चिंचेचा कोळ घेऊन अंगठ्याने तिचे गाल, नाक, कानामागची खाच, गुडघे घासत. देव्हाऱ्यातले पितळी देव चिंचेने लखलखतात, तर हा का लखलखणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मग चुलीवरचं ऊन पाणी, थंडीत अंमळ जास्त ऊन. शेवटी मऊ पंच्याने टिपून मूर्ती गुंडाळत आणि खिडकीत येणाऱ्या उन्हात धरून बसत. या सगळ्या वेळात तोंडातून एक शब्द नाही. मंत्र त्यांना येत नव्हते आणि गाणं त्यांना शोभलं नसतं.

गावात यावर हसणारे होते, पण काकांच्या माघारी. मीही मनातल्या मनात हसत असे. मग एकदा, मी बऱ्यापैकी मोठा झाल्यावर, आईने मला मागची गोष्ट सांगितली. काकांचं लग्न उशिरा झालं. ते फौजेत, काकू गावी. मुलगा झाला तेव्हा काका रजेवर आले होते. आमच्याकडे त्या काळी रीत अशी की वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःचं पोर उचलायचं नाही. उचललं तर माणूस बायकोच्या कह्यात गेला म्हणत. आजोबा दिवसभर ओसरीवर बसलेले असत, त्यामुळे काका पोराला लांबूनच बघत. न्हाणीत पोराच्या आंघोळीची रडारड सुरू झाली की हे बाहेर भिंतीपाशी येऊन उभे राहत. रजा संपली, ते गेले. पाठोपाठ मानमोडीच्या तापाची साथ आली आणि तीत काकू आणि पोर दोघंही गेली. काकांना कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. पुढल्या महाशिवरात्रीला परळीच्या जत्रेत उत्तरेकडच्या मूर्तिवाल्यांनी दुकानं मांडली होती. काकांनी तिथून हा बाळकृष्ण आणला.

“त्यांनी कुनाला विचारून आनला न्हाई,” आई म्हणाली, “आन कशाला आनला म्हनून आमीबी कुनी विचारलं न्हाई.”

हे कळल्यावर मी हसायचं सोडलं. पण त्यापलीकडे काही केलं नाही. करण्यासारखं काही होतं असंही मला वाटत नाही.

हिवतापातून उठून मी ओसरीवर बसू लागलो, तेव्हा एका दुपारी काका शेताकडे गेलेले बघून आई जवळ आली. हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, “भाऊजींच्या बाळाचं नाक बघितलंस का?”

मी बघितलं नव्हतं. देवघरात जाऊन बघितलं. नाकाचा शेंडा नव्हता. ओठांची रेघ पुसट झाली होती, आणि गालावर, जिथे पूर्वी हात निसटायचा, तिथे आता खरखर होती. बाकीचं अंगही मळकट दिसत होतं.

आईला धास्ती होती ती पाडव्याची. पाडव्याला जोशीबुवा पंचांग वाचायला घरी येत आणि देवघरातल्या एकेका देवाला हात जोडूनच बाहेर पडत. “त्यांच्या नजरंस पडलं तर खंडित म्हनतील,” आई म्हणाली. “खंडित मूर्ती घरात ठेवता येत न्हाई. सिंदफणेत सोडावी लागंल. मग भाऊजींनी काय करावं?”

“काकांना दिसत न्हाई का?”

“दिसतंय की. त्यांना वाटतंय मळ साचला. म्हनून तर मागल्या सालापासनं चिंचेच्या जोडीला लिंबू घेतलंय.”

ते ऐकून मला खरं तर हसू यायला हवं होतं, पण रागच आला. खरखरीत झालं म्हणून मळ धरतंय, मळ धरतंय म्हणून घासायचं, घासलं म्हणून आणखी खरखरीत. काळ्या पाषाणात जन्म काढलेल्या माणसाशिवाय ही चूक दुसरं कुणी करणार नाही.

यात आणखी एक भानगड झाली होती. शेजारच्या सोनारणीने एकदा तीर्थ घेतलं आणि तिच्या दाताखाली काहीतरी कचकचलं. पंचामृतातली साखर असेल म्हणावं, तर ती विरघळलेली असायची. हिने दुसऱ्या दिवशी ताम्हणात बोट घालून बघितलं, तर तळाशी पांढरे चमकते खडे. झालं. जमादारांचा बाळकृष्ण साखर देतो अशी बोलवा उठली, आणि सकाळी आमच्या दारात चार बायका वाट्या घेऊन उभ्या राहू लागल्या. काका तोंडाने काही म्हणत नसत. पण वाटीत तीर्थ घालताना पळी तळापर्यंत बुडवत, म्हणजे प्रत्येकीला थोडी साखर जावी. आतून त्यांना अभिमान वाटत होता, आणि तो मिशांना लपवता येत नव्हता.

मी एक खडा जिभेवर ठेवला. गोड नव्हता, खारट नव्हता, काहीच नव्हता. दातांत चावला तर सरळ धारेने फुटला. मग पेटीतून भिंग काढलं. प्रत्येक कणाला तिरप्या, गुळगुळीत बाजू होत्या, खिडकीकडे धरला की एकेक बाजू लकाकायची. तीर्थातली साखर म्हणजे बाळकृष्णाचाच चेहरा होता.

संगमरवराचं असं असतं. चुनखडी खोल पुरली जाऊन तापते, तेव्हा तिच्यातले बारीक कण एकमेकांना अंग लावून बसलेले असतात. फार काळ ती धग मिळत राहिली की मोठा कण लहान कणाला हळूहळू खातो. आमच्या शिवारात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. मोठ्या शेतकऱ्याचा नांगर दर साली बांध थोडा कोरतो, बांध सरकतो, आणि एक दिवस शेजारचं लहान शेत नावालाच उरतं. स्फटिकांचे बांधही असेच सरकतात, आणि बहुधा लहानाच्याच बाजूला. मात्र बांधावर बाभळ उभी असली तर नांगर अडतो. खडकात ही बाभळ म्हणजे मळ. अभ्रकाची एखादी कपची, काजळीसारखा काळा कण, काहीही परकं. असा मळ जागोजाग विखुरलेला असला की बांध तिथल्या तिथे अडकतात, दाणा बारीक राहतो, आणि दाण्यांच्या वाकड्यातिकड्या कडा एकमेकींत दात रोवून बसतात. अगदी निर्मळ चुनखडीत मात्र दाण्यांना अडवणारं कुणी नसतं. ते वाढत जातात, कडा सरळ होतात, तीन दाणे एका ठिकाणी मिळतात ते जवळजवळ सारख्या कोनात. भिंगाखाली ही रचना फार देखणी दिसते. पण सरळ कड म्हणजे सैल जोड. त्या जोडात आंबट पाणी शिरलं की दाणा झिजत बसत नाही, अख्खाच्या अख्खा सुटून येतो. दाणा मोठा, म्हणून मागे राहणारा खड्डाही मोठा.

संध्याकाळी मी काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की जत्रेत हीच मूर्ती कशी पसंत पडली. ते खुलले. म्हणाले, “दोन हुत्या. येक धुरकट, अंगावर राखेवानी रेघा. मूर्तिवाला म्हनला तीच घ्या, मजबूत हाय. म्या म्हनलं, लेकरू कुनी राखुंडीचं घेतं का बे? ह्यो बघ कसा. खडीसाखरेवानी लकाकत हुता.”

ती धुरकट मूर्ती आमच्या नातवंडांनाही पुरली असती. ते मी सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता, आणि निरुपयोगी गोष्टी मी फक्त सरकारी अहवालात लिहितो.

दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी मी देवघरात जाऊन बसलो. काकांना नवल वाटलं, कारण मी देवघरात शक्यतो जात नसे. त्यांनी लिंबू चिरलं. मी ताम्हणाच्या तळाचे चार खडे पळीत घेतले आणि म्हटलं, “काका, ह्याच्यावर पिळा.” त्यांनी पिळलं. खड्यांच्या अंगावर बारीक बुडबुडे धरले आणि वर येऊ लागले. काका बघत राहिले.

“ह्ये कावून उकळतंय? चूल तर न्हाई.”

“ही साखर न्हाई, काका. मूर्तीचा दगड हाय. आंबट लागलं की असा खाल्ला जातो.”

त्यांना कळायला वेळ लागला नाही. हातातली लिंबाची फोड त्यांनी खाली ठेवली, पंच्याला बोटं पुसली, आणि मूर्ती उचलून तिचं नाक अंगठ्याने चाचपलं. रोज चाचपत होते तेच नाक. मला त्यांची दया आली, आणि मला दया आली की काय करायचं ते कळत नाही, म्हणून मी दगडाविषयी बोलत सुटलो. बांध, बाभळ, मळ, दाणा, सगळं सांगितलं. काकांनी मधेच हात वर केला.

“दह्याचं काय?”

“दही बी आंबटच.”

“पंचामृतातलं दही काढलं तर उरलेल्याला काय चार-अमृत म्हनायचं?”

“म्हना.”

त्यांनी मान्य केलं. चिंच बंद, लिंबू बंद, दही बंद. मध थोडा आंबट असतो, पण तेवढ्यावर मी गप्प बसलो. वाटीवाल्या बायकांना काकांनी स्वतः दारातून परत पाठवलं. सोनारीण काय समजायचं ते समजली. बाहेर तिने सांगितलं की शिकलेला पुतण्या आला आणि देवाची साखर आटली.

इथे हे संपायला हरकत नव्हती. पण मार्गशीर्ष सरला, पौषातली थंडी पडली, आणि ताम्हणाच्या तळाशी पुन्हा खडे दिसू लागले. थोडे, पण रोज. काकांनीच मला बोलावून दाखवले. “तू म्हनलास ते समदं सोडलं. आता कावून झडतंय?”

मी दोन दिवस विचार केला आणि मग माझं मलाच हसू आलं. ऊन पाणी. संगमरवराचा दाणा मोठा विचित्र असतो. तापला की एका अंगाने ताणतो आणि दुसऱ्या अंगाने आखडतो. प्रत्येक दाण्याचं तोंड वेगळ्या दिशेला, त्यामुळे तापताना शेजारी शेजाऱ्याला रेटतो, निवताना ओढतो. दाणे बारीक असते तर ही ढकलाढकल सगळ्यांत वाटली जाऊन निभून गेली असती. मोठ्या दाण्यांत जोड उघडतात. बाहेर कडाक्याची थंडी, मूर्ती गार पडलेली, आणि तिच्यावर तांब्याभर ऊन ऊन पाणी. चिंचेने जोड सैल केले होते, आता पाणी ते उघडत होतं. गार पाणी घातलं तरी उघडलेल्या फटीतून ते आत शिरणार, आतले कण बाहेर आणणार. आता वाचवायचं तर आंघोळच नको.

काकांना हे सांगायला मला जड गेलं. माझी खात्री होती की ते ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

“थंडीच्या दिसांत लेकराला गार पानी न्हाई घालत कुनी,” ते म्हणाले.

“गारबी नको, काका. कोरड्या फडक्यानं पुसा. हळूच.”

“कवापस्तोर?”

“कायमचं.”

आई दारात उभी होती. ती मांजराला म्हणाली, “पाडव्यापस्तोर तरी करून बघावं. जोशीबुवा येऊन गेल्यावर मग कसंबी.” काका मांजराकडे बघून म्हणाले, “बरं.”

त्यानंतर रोज सकाळी ते कोरड्या मऊ फडक्याने मूर्तीला नुसतं टिपत. टिपायला कितीसा वेळ लागणार? पूर्वी त्यांची सकाळ आंघोळीत जायची. आता ऊन ओसरीवर येईपर्यंत त्यांच्या हातांना काम नसे. ते फौजेतलं जुनं खोगीर काढून त्याला तेल लावत, शेतावरच्या गड्यावर खेकसत, पुन्हा आत येऊन ताम्हण रिकामं आहे का ते बघत. जेवण कमी झालं. आई मला म्हणाली, “भाकरी तशीच परत येती.” मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी मूर्तीखाली काळं कापड अंथरलं होतं आणि रोज भिंगाने ते बघत होतो. कापडावर एकही खडा नव्हता. मी खुशीत होतो. दगडाची अडचण होती, ती दगडाच्या बाजूने सोडवली होती.

माघाच्या सुरुवातीला एका सकाळी मी कापड बघायला गेलो, तर काका आधीच मूर्ती पुढ्यात घेऊन बसले होते. पाट मांडलेला, ताम्हण पुढे ओढलेलं, कोरडं. मला म्हणाले, “बस. येक विचारायचंय. खरं सांग, शिकलेला हायस.”

मी बसलो.

“रोजच्यावानी न्हाऊ घालत ऱ्हायलो, तर किती पुरंल?”

मी मूर्ती हातात घेतली. असल्या प्रश्नाला मला अंदाजे उत्तर देता येत नाही, बघूनच द्यावं लागतं. “नाक एक-दोन वर्षांत जाईल. मग ओठ, डोळे. बोटं जातील. अंगाचा गोळा मात्र तुमच्या हयातीत ऱ्हाईल.”

“मी हाय तवर ऱ्हाईल?”

“ऱ्हाईल.”

“आन न्हाई घातलं तर?”

“तर शेदोनशे वर्षं बघायला नको. जास्तच.”

त्यांनी मूर्ती माझ्या हातातून घेतली. मला वाटलं, ते आकडा ऐकून समाधान पावले असतील. मी असतो तर पावलो असतो.

“मी गेल्यावर त्या शेदोनशे वर्षांत ह्याला कोन बघनार?” ते म्हणाले.

मला म्हणता आलं असतं, मी बघेन. पण माझी रजा संपत आली होती, मी परत तेलंगणात जाणार होतो, आणि मी देवघरात किती वेळा येतो ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“कुनी न्हाई,” तेच म्हणाले. त्यात रुसवा नव्हता. “तुझी आई हाय तवर दिवा लावंल. मग ह्यो कोनाड्यात. कुनी धूळ झटकंल, न झटकंल. आंगूळ तर न्हाईच. शेदोनशे वर्षं बिनआंघुळीचा बसंल बिचारा.”

“पर पाडव्याला जोशीबुवा खंडित म्हनतील, काका.”

“म्हनू दे. माझं नाक घोड्यावरनं पडून मोडलं, मला कुनी सिंदफणेत टाकलं का बे? देवघरात चालत नसंल तर माझ्या खोलीत ठेवीन. मला त्याची पूजा न्हाई करायची.”

ते एवढं सरळ त्यांनी कधी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. दारामागे आईच्या बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या.

“मला पुरनार हाय,” काका म्हणाले. “मला पुरून वर उरला तर त्याचं हाल. तू मला ज्ये शिकवलंस त्ये समदं ध्यानात हाय. चिंच न्हाई, लिंबू न्हाई, घासायचं न्हाई. पर आंगूळ घालनार.”

माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते बरोबरही होतं. खडक किती टिकेल याचं उत्तर मला कधीही देता आलं असतं. त्यांचा प्रश्न तो नव्हता. मी उठलो, चुलीपाशी गेलो. आईने न विचारता पाणी तापत ठेवलं होतं. तिने तांब्या भरून माझ्या हातात दिला. मी तो काकांपुढे ठेवला. काकांनी बाही वर सारली, तान्ह्या पोराचं पाणी बघतात तसं थोडं कोपरावर ओतून बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “लई ऊन हाय. गार मिसळ.”